तुम्ही विचारलंत म्हणून: वेल्शमध्ये कविता न लिहिणारे वेल्श कवी

आर. एस. टॉमस आणि आलन लुइस यांच्या कवितांची माझी भाषांतरे वाचली की लोक एक प्रश्न हमखास विचारतात: ज्यांनी कविता इंग्रजीतच लिहिल्या, त्यांना तुम्ही वेल्श कवी कसे म्हणता? (वेल्स हा ब्रिटनचाच एक भाग, पण त्याची स्वतःची वेगळी भाषा आहे, ती वेल्श.) काही जण कुतूहलाने विचारतात, पण अनेकांना मी काहीतरी खपवते आहे असा संशय असतो. दोन वाक्यांत उत्तर देऊन देऊन मी थकले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

टॉमस 1913 साली कार्डिफमध्ये जन्मले, इंग्रजीत वाढले, धर्मगुरू झाले आणि तिशीच्या सुमारास नेटाने वेल्श शिकले. त्यांनी 1985 मध्ये वेल्शमध्ये आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘नेब’, म्हणजे ‘कोणीच नाही’, आणि त्यात ते स्वतःचा उल्लेख ‘तो’ असा करतात. कविता मात्र इंग्रजीतच राहिली, कारण लहानपणी न लाभलेल्या भाषेत खरी कविता लिहिता येत नाही, असे त्यांचे मत होते. ज्याच्या जिव्हारी भाषेचे नसणे इतके लागले आहे, त्याला त्या भाषेच्या माणसांमधून उठवून लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे मी आज म्हणते. पूर्वी मीच एका लेखात टॉमस यांना दुटप्पी ठरवले होते. कवी वाल्डो विल्यम्स सात वर्षांचे असताना वेल्श शिकले आणि 1956 च्या ‘डाइल प्रेन’ या संग्रहाने वेल्श कवितेत मानाच्या जागी जाऊन बसले, मग टॉमस यांनाच काय अडचण होती, असे मी ठणकावून विचारले होते. सातवे वर्ष आणि तिसावे वर्ष यांतला फरक तेव्हा मला कळत नव्हता. तरीही त्या लेखातला प्रश्न आज मला पुरता खोडता येतो, असे मी म्हणणार नाही.

लुइस यांच्याबद्दल मी अधिक हळवी आहे. वेल्समधल्या कुमामनच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यात जन्मलेला हा कवी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून नीरेजवळच्या छावणीत आला आणि 1943 च्या सुरुवातीला मोडलेला जबडा घेऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून होता. तिथल्या रात्रीवर त्यांची एक कविता आहे. झोप नाही, मनात दूरची पत्नी आहे, आणि हळूहळू सगळा वेल्स त्या खाटेशी येतो. डोंगरांची नावे येतात, त्यांत कादर इद्रिस आहे, एरेरी आहे. इंग्रजीत ज्याला सर्रास स्नोडोनिया म्हणत, त्याला इंग्रजी कवितेत एरेरी म्हणणारा माणूस कुठला, हे मला कोणी समजावून सांगायची गरज वाटत नाही.

इथवर मी ठाम असते. पण लुइस यांची करंजे गावावरही एक कविता आहे, आणि माझे मामा त्याच भागात शेती करतात. एका सुट्टीत ओसरीवर बसून मी त्यांना ते भाषांतर वाचून दाखवले. गावात सोन्याच्या छपराचे देऊळ आहे, असे झाडूवाला सांगतो आणि कवीला मात्र डुकरे, गिधाडे आणि भीक मागणारी उघडी पोरे दिसतात, इथपर्यंत मामा मान डोलवत ऐकत होते. पुढच्या ओळीशी माझा आवाज खाली गेला आणि मी ती ओळ गाळून पुढे गेले. मामांच्या ते लगेच लक्षात आले.

“मधलं काय खाल्लंस पोरी? वाच की.”

मी वाचले. इथली माणसे कठीण आहेत, भुकेली आहेत, आणि त्यांच्यात माया नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पायापाशी पडलेली चिंचोक्याची टरफले त्यांनी एकेक करून गोळा केली. मग म्हणाले, “त्याला आपली भाषा येत होती का गं?”

“नसावी,” मी म्हणाले.

“मग माया नाही, हे त्याला कसं कळलं?”

तो सैनिक होता, परक्या सरकारच्या फौजेत अडकलेला होता, दुष्काळी मुलूख पाहून हबकला होता, ही सगळी उत्तरे माझ्यापाशी होती आणि ती खोटी नव्हती. पण भाषा हरवण्याचे दुःख ज्याला ठाऊक, त्याला दुसऱ्याच्या भाषेबाहेर उभे असल्याचे भान अधिक असणार, असे मी वर्षानुवर्षे लिहीत आले होते, आणि ते मामांना त्या ओसरीवर सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

लुइस 5 मार्च 1944 रोजी ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर स्वतःच्या पिस्तुलाच्या गोळीने गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. मी आजही त्यांना वेल्श कवी म्हणते आणि म्हणत राहीन. ती ओळही मी छापील भाषांतरात तशीच ठेवली आहे. मात्र पुन्हा कधी करंज्याच्या बाजूला ती वाचायची वेळ आली, तर माझा आवाज तसाच खाली जाईल.