दिवसातून दोनदा भोंगा

गोव्यातल्या खेड्यांत पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा सकाळी वाजतो आणि संध्याकाळीही. एकदाच भरपूर पाव घेऊन का ठेवत नाहीत, हा प्रश्न पोई, म्हणजे तिथला कोंड्यात घोळवलेला पोकळ पाव, न खाल्लेल्यांचाच. पोईच्या पिठात तेल-लोणी जवळजवळ नसतं, टिकवणारं रसायनही नाही. सकाळची पोई संध्याकाळपर्यंत चामट होते, म्हणून दुसरी फेरी.

पीठ मळणं आदल्या संध्याकाळी. गव्हाचं पीठ आणि मैदा निम्मे-निम्मे घेतले, तर किलोला सहाशे ते साडेसहाशे मिली पाणी आणि 20 ग्रॅम मीठ लागतं. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. आता माडावरून सूर उतरवणारे रेंदेर कमी झाले, उतरलेली सूर फेणी आणि व्हिनेगरकडे जाते, त्यामुळे बहुतेक भट्ट्यांत यीस्टच. पाव फुगतो छान, पण आंबूस चव नाही येत. यीस्ट कमी घालून पीठ रात्रभर मुरू दिलं तर थोडी येते. घाई केली की मुळीच नाही.

पोई पोकळ हवी. गोळा कोंड्यात घोळवून चपटा करायचा आणि फुगेपर्यंत झाकून ठेवायचा. उघडा राहिला की वरची साय सुकते, भट्टीत तडकते, वाफ निसटते आणि पोई बसते. भट्टीचा तळ थंड असला तरी तेच. आत लाकडं जाळून निखारे बाजूला सारतात आणि ओल्या गोणपाटाने तळ पुसतात. पुसायचं राहिलं तर आधीच्या खेपेचा सांडलेला कोंडा जळून कडवट वास पोईला लागतो. घरच्या ओव्हनमध्ये 250 अंशांवर जाड तवा अर्धा तास तापवून त्यावर टाकली तर सात-आठ मिनिटांत फुगते.

उंडा या गोल पावाला कडक कवच हवं, कांकण या कड्यासारख्या पावाला मंद आच, म्हणजे ते आतपर्यंत वाळून चहात बुडवण्याजोगं होतं. शाकुती या मसालेदार रश्श्याबरोबर मात्र पोईच. मऊ पाव रस्सा पितो आणि बोटांतच विरघळतो.

आज कित्येक भट्ट्या कर्नाटकातून आलेले कामगार चालवतात. कुणी लाकडाऐवजी डिझेल वापरतं, भोंगा सायकलवरून स्कूटरवर गेला. पावाचा रुपया वाढला की अजूनही वर्तमानपत्रात बातमी होते, आणि ते बरोबरच आहे. उशिरा उठणारे फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात, पोदेर नेहमीचे पाव मोजून त्यात टाकतो, हिशेब महिन्याअखेरीस.

उरलेल्या पोईवर पाण्याचा हात फिरवून ती तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम करावी. मायक्रोवेव्हमध्ये नको, थंड होताच दगड होते.