बायकोनूरचा पास

कझाकस्तानला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, नुसत्या पासपोर्टवर १४ दिवस राहता येतं. त्यामुळे बायकोनूरच्या अवकाशतळावरून रशियाच्या सोयुझ यानाचं उड्डाण बघायला जायचं ठरल्याबरोबर आमच्या ह्यांनी दिल्ली-अल्माटी विमानाचे दर काढायला घेतले. मी म्हटलं, अहो, थांबा जरा. बायकोनूर कझाकस्तानात असलं तरी तिथला कारभार रशियाचा. अवकाशतळ आणि त्याच्यासाठी वसवलेलं शहर दोन्ही रशियानं भाड्यानं घेतलेलं आहे. वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाडं आणि मुदत २०५० पर्यंत. शहराच्या वेशीवर चौकी आहे आणि बाहेरच्या माणसाला पासाशिवाय आत सोडत नाहीत, मग तो कझाक का असेना.

हा पास आपण स्वतः काढू शकत नाही. पर्यटन कंपनी आपल्या वतीनं अर्ज करते आणि त्यासाठी दोनेक महिने आधी कागद पाठवावे लागतात. पासपोर्टची प्रत, पत्ता, नोकरी कुठे, हुद्दा काय. मग रशियाच्या सरकारी यंत्रणांची तपासणी होते. त्या काळात विचारणा करूनही उपयोग नसतो, ‘चालू आहे’ एवढंच उत्तर येतं.

आमची गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. रशियात माणसाच्या नावात बापाचं नाव असतं, आपल्यासारखंच. पण आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? माझ्या पासपोर्टवर माझं नाव, मग ह्यांचं, मग आडनाव. ह्यांच्या पासपोर्टवर ह्यांचं, मग सासऱ्यांचं, मग तेच आडनाव. कंपनीच्या बाईंनी अर्ज रशियनमध्ये भरला आणि नात्याच्या रकान्यात आम्हाला बाप-लेक करून टाकलं. मग जन्मतारखांमधलं तीन वर्षांचं अंतर बघून त्यांनीच घाबरून फोन केला. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत होता म्हणून निभावलं. जोडीनं जाणाऱ्यांनी हा दाखला आधीच पाठवावा, हे मी मनापासून सांगते.

अल्माटीहून किझिलोर्दाला विमानानं आणि पुढे दोनशेहून जास्त किलोमीटर गाडीनं. दोन्ही बाजूंना सपाट, कोरडं माळरान. शहराचं रेल्वे स्टेशन मात्र तोरेताम नावाचं. मूळचं बायकोनूर नावाचं खेडं तर ईशान्येला काही शे किलोमीटरवर आहे. सोव्हिएत काळात खरी जागा लपवण्यासाठी त्याचं नाव उचललं. हे शहर तेव्हा लेनिन्स्क होतं, १९९५ मध्ये ते बायकोनूर झालं. चौकीवर आमच्या गाईड मुलीनं पास मिळालेल्यांची यादी दिली. शिपायानं पासपोर्टवरचा फोटो, चेहरा आणि यादी तीनदा ताडून पाहिली. इथे फोन खिशातच ठेवायचा, चौकीचा फोटो काढायचा नाही.

आत गेल्यावर मात्र गुपित असं काही दिसत नाही. पाच मजली जुन्या इमारती, लेनिनचा पुतळा, भाजीवाल्या बायका, शाळेतून येणारी पोरं. दुकानात रशियाचे रूबल चालतात आणि कझाकस्तानचे टेंगेही. रस्त्यावर कझाक चेहरेच जास्त. मला ते सगळं एखाद्या प्रकल्पाच्या वसाहतीसारखं वाटलं.

१८ मार्च २०२४ ला पहाटे रॉकेट आडवं घालून रेल्वेनं उड्डाणतळावर नेताना पाहिलं. कडाक्याचा वारा होता, पण तो सोहळा मला उड्डाणापेक्षाही आवडला. अवकाशतळावर असे उड्डाणतळ बरेच आहेत, आमचं उड्डाण होतं ३१ क्रमांकाच्या तळावरून. गागारिन ज्या तळावरून गेला, तो २०१९ पासून बंद आहे. पुष्कळांना याचं वाईट वाटतं. मला नाही वाटलं, कारण ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा गेले ते याच ३१ वरून. त्याच्या आदल्या सप्टेंबरात गागारिनच्या तळावर एक सोयुझ रॉकेट पेटलं होतं, यानाला ओढून दूर नेणाऱ्या सुटका रॉकेटमुळे आतले दोघं जण वाचले. त्यातलेच स्त्रेकालोव पुढे शर्मांबरोबर गेले. मी तेव्हा शाळेत होते. शर्मांचं नाव ऐकल्यावर गाईडनं ‘मालीशेव, स्त्रेकालोव, शर्मा’ अशी त्या यानातल्या तिघांची नावं घडाघड म्हटली.

२१ तारखेला संध्याकाळी ६ वाजून २१ मिनिटांची वेळ होती. यानात रशियाचा नोवित्स्की, बेलारूसची वासिलेव्हस्काया आणि अमेरिकेची ट्रेसी डायसन. साधारण वीस सेकंद उरली असताना उलटी मोजणी थांबली. कुणी काही बोलेना. मग बसमध्ये बसा, असा निरोप आला. रॉकेटमधल्या बॅटरीचा व्होल्टेज घसरल्याचं नंतर कळलं.

आणि इथून पासाचा दुसरा अध्याय सुरू झाला. आमच्या परवानगीत राखीव दिवस होता २२ चा. नवी तारीख ठरली २३. पास मिळतो तो ठरलेल्या दिवसांपुरता, त्यामुळे रॉकेट पुढे गेलं की कागदही पुढे न्यावा लागतो. पलीकडे कझाकस्तानात नौरोजची सुट्टी लागलेली, म्हणजे आपल्या पाडव्यासारखा त्यांचा नववर्षाचा सण. मला वाटलं, आता कुठलं ऑफिस उघडं असणार? पण परवाना रशियाचा, आणि रशियात २२ मार्च म्हणजे साधा शुक्रवार! गाईड सकाळीच अर्ज घेऊन गेली आणि दुपारी नवी यादी घेऊन आली. आमच्या गटातले दोघं जण मात्र विमान बदलून न मिळाल्यामुळे परत गेले.

त्याच रात्री मॉस्कोत क्रोकस नावाच्या संगीत सभागृहावर दहशतवादी हल्ला झाला. हॉटेलमधली बाई टीव्हीसमोर उभी राहून रडत होती, तिचे नातेवाईक तिकडे होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना आमच्या पिशव्या पहिल्यापेक्षा जास्त वेळ तपासल्या, आणि कुणीही कुरकुर केली नाही.

२३ ला ५ वाजून ३६ मिनिटांनी रॉकेट गेलं. आधी उजेड आणि मग छातीत घुमणारा आवाज. हे टाळ्या वाजवत होते, मी व्हिडिओ काढायचा विसरून नुसती बघत राहिले.

आमची नवी परवानगी त्याच दिवसापुरती होती, म्हणून बस सामानासकट थेट वेशीबाहेर. सणामुळे तोरेतामहून सुटणाऱ्या गाड्या तुडुंब भरलेल्या, आम्हाला मिळाले ते वरचे दोन बर्थ. खालच्या आजीनं बाउर्साक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, पुढे केले आणि नातवाकरवी विचारलं, कुठून आलात? मी यादीची प्रत दाखवली. आजी जन्मभर याच रेल्वेमार्गावर राहिलेली, पण शहरात कधी गेलेली नव्हती. रॉकेट आपल्या अंगणातून दिसतं, मग पास कशाला काढायचा, असं तिचं म्हणणं पडलं. नातवाला मात्र पासाला किती पैसे पडतात ते जाणून घ्यायचं होतं. मी आकडा सांगितला, तर त्यानं तो आजीला सांगितलाच नाही.