बूट तरी काढायचे मेल्यांनी

एप्रिल २०१९ मध्ये तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला होता, पुढच्याच गुरुवारी आमच्या वसईच्या चर्चमध्ये फादर, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुणार होते. व्हिडिओत पोप फ्रान्सिस, वय ८२, कुणीतरी बाजूने धरलंय, आणि ते सुटाबुटातल्या एकेका माणसासमोर खाली वाकून त्याच्या पायांचं चुंबन घेतायत, म्हणजे खरं तर बुटांचंच. समोर दक्षिण सुदानचे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर, त्यांच्याविरुद्ध लढणारे रीक माचार, दक्षिणेच्या बंडखोर फौजेचे नेते जॉन गारांग यांची विधवा रिबेका न्यान्देंग आणि अजून एकदोन नेते. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. फक्त माझ्या मावशीने लिहिलं, "बूट तरी काढायचे मेल्यांनी."

तेव्हा हसलो. पण तो व्हिडिओ दर उपवासकाळात कुठून ना कुठून परत येतो, खाली तेच, नम्रतेचा महान धडा वगैरे, आणि दरवेळी मला थोडी चिडचिड होते. पोपवर नाही हो. त्यांनी जे केलं ते मनापासून केलं, त्या नेत्यांना व्हॅटिकनमध्ये दोन दिवस प्रार्थनेला बसवायची मूळ कल्पना अँग्लिकन आर्चबिशप जस्टिन वेल्बींची होती आणि तीही चांगलीच होती. चिडचिड याची की दक्षिण सुदानातल्या चर्चने काय केलं म्हटलं की आपल्याला एवढंच माहीत असतं, हा दीड मिनिटाचा व्हिडिओ.

थोडं मागे जातो. आधीच्या सुदानमधली लढाई बाहेरच्या ख्रिस्ती माणसाला समजायला सोपी वाटायची, उत्तरेत अरब मुस्लिम सरकार, दक्षिणेत आफ्रिकी, बरेचसे ख्रिस्ती, मग प्रार्थना कुणासाठी करायची ते ठरलेलं. ९ जुलै २०११ला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. आणि १५ डिसेंबर २०१३ला राजधानी जुबामध्ये गोळीबार सुरू झाला तो आपसातच. कीर डिंका जमातीचे, कॅथलिक, जुबाच्या कॅथेड्रलमध्ये रविवारी दिसणारे. माचार नुएर जमातीचे, प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. म्हणजे दोघंही "आमच्या"तलेच. बोर गावात सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या आवारात आसऱ्याला आलेल्या बायकांना मारलं, त्यात चर्चचं काम करणाऱ्या बायकाही होत्या. वेल्बी जानेवारी २०१४च्या शेवटी तिथे जाऊन सामूहिक दफनाच्या जागेवर प्रार्थना करून आले. आता इथे कुणासाठी प्रार्थना आणि कुणाविरुद्ध?

मग भूक. २० फेब्रुवारी २०१७ला युनिटी राज्यातल्या लेर आणि मायेंडिट या दोन तालुक्यांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला, एक लाख माणसं उपाशी मरायच्या बेतात. आपल्या भाषेत इथे एक घोटाळा होतो बघा. दुष्काळ म्हटलं की आपल्याला ७२ आठवतो, भेगा पडलेली जमीन, कोरड्या विहिरी, खडी फोडणाऱ्या बायका. लेर तसलं नाहीच. बाजूलाच नाईलची ती अफाट दलदल आहे, सद्द म्हणतात तिला, पाणीच पाणी. तिथे भूक आली ती पाऊस पडला नाही म्हणून नाही, माणसं आली म्हणून. गुरं हाकून नेली, धान्य जाळलं, दवाखाने लुटले, आणि लोक पळून दलदलीतल्या बेटांवर जाऊन लपले, पाण्यातल्या कमळांचे कंद आणि मिळाला तर मासा, त्यावर दिवस काढले. आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारने काय करावं? परदेशी मदत कर्मचाऱ्यांच्या परवान्याची फी १०,००० डॉलर करायचं ठरवलं! ओरड झाली तेव्हा गुंडाळलं. पण डोकं कसं चालतं ते कळलं.

दुष्काळ जाहीर झाला त्याच आठवड्यात तिथल्या कॅथलिक बिशपांनी एक पत्र काढलं. मी ते वाचलं तेव्हा चाट पडलो, कारण बिशपांची पत्रं कशी असतात ते आपल्याला माहीत आहे, दोन्ही बाजूंना शांततेचं आवाहन, सर्वांना आशीर्वाद, इति. यात सरळ लिहिलं होतं की ही भूक मानवनिर्मित आहे, आणि सामान्य लोकांना मारणं, बलात्कार, घरं जाळणं हे युद्धगुन्हे आहेत, सरकारी फौज असो की बंडखोर. बंदूक दारात असताना हे लिहायचं म्हणजे गंमत नाही. रोमहून पोपनीही त्याच सुमाराला म्हटलं की नुसती निवेदनं नकोत, अन्न पोचवा, आणि जूनमध्ये जवळजवळ पाच लाख डॉलर तिथल्या दवाखान्यांना, शिक्षक प्रशिक्षणाला आणि शेतीला पाठवले. आकडा देशाच्या गरजेपुढे काहीच नाही, पण शेतीची अवजारं-बियाणं त्यात होतं हे मला आवडलं.

त्याआधी जून २०१६ला वाऊ शहरात लढाई पेटली तेव्हा हजारो माणसं सेंट मेरी कॅथेड्रलच्या आवारात येऊन राहिली, एकदोन दिवस नाही, लांबलं ते. आपल्याकडे सणाला मंडप घालतात तेवढ्या जागेत अख्खी वस्ती, तिथेच चूल, तिथेच आजारपण, तिथेच बाळंतपण. कुठलीही मदतसंस्था धोका वाढला की विमान बोलावून माणसं बाहेर काढते, ते समजू शकतो. फादर आणि सिस्टर तिथल्याच असतात, त्यांचं घरच ते, मग त्या कुठे जाणार?

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते वुनलिटबद्दल, आणि ते १९९९चं आहे.

१९९१ला दक्षिणेची बंडखोर फौज फुटली, माचार वेगळे झाले, आणि तेव्हापासून नाईलच्या पश्चिमेला डिंका आणि नुएर एकमेकांची गुरं, बायका, पोरं पळवत होते. १९९८ला त्याच बाजूच्या बहर-अल-गझाल भागात भयानक उपासमार झाली. विमानातून पोती टाकली जात होती, पण ती उचलायला जाताना शेजारची जमात मारेल ही भीती असेल तर पोती काय कामाची. तेव्हा न्यू सुदान कौन्सिल ऑफ चर्चेस नावाच्या चर्चच्या संघटनेने सेनापतींना बाजूला ठेवून आधी जमातींच्या मुखियांना गाठलं. डिंका मुखिये नुएरांच्या मुलखात, नुएर मुखिये डिंकांच्या, जिवावर उदार होऊन जाऊन आले. आणि मग वुनलिट नावाच्या जागी, रानात, चक्क एक गावच उभं केलं, झोपड्या बांधल्या, पाण्यासाठी बोअर मारल्या. २७ फेब्रुवारी ते ८ मार्च. हजारोंच्या संख्येने माणसं आली.

सुरुवात पांढऱ्या बैलाने. डिंका लोक अशा बैलाला माबिओर म्हणतात, गारांगचं पूर्ण नावही जॉन गारांग दे माबिओर, गुरांच्या रंगावरून माणसांची नावं ठेवणारे लोक आहेत ते. बैल कापला आणि शपथ झाली की जो हा तह मोडेल त्याचं या बैलासारखं होईल. हे चर्चने भरवलेल्या सभेत, बिशप-पाळक समोर असताना! आमच्याकडे एखाद्याने हळदीला देव बसवला तरी कुजबुज होते. पण त्या पाळकांना कळलं होतं की ज्या शपथेला माणूस खरंच घाबरतो तीच शपथ घ्यायची.

नंतर दिवसेंदिवस नुसतं बोलणं. आधी एका बाजूने सगळं ओकायचं, कुणाची बहीण पळवली, कुणाच्या किती गाई, कुणाचं घर, आणि दुसऱ्या बाजूने ऐकून घ्यायचं. मग उलट. शेवटी जे ठरलं ते एकदम जमिनीवरचं: पळवलेल्या बायका-पोरं परत करायची, कुरणं आणि मासेमारीची जागा दोघांना खुली, हद्दीवर पोलीस, मागचं माफ. तीनशेहून जास्त जणांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. त्या पट्ट्यात तो तह पुढची काही वर्षं बऱ्यापैकी टिकला.

चर्च तिथे धुतल्या तांदळासारखं आहे असं अजिबात नाही. एप्रिल २०२१ला रुंबेकच्या नव्या इटालियन बिशपच्या, ख्रिस्तियान कार्लासारेंच्या, दोन्ही पायांत गोळ्या घातल्या आणि शिक्षा झालेल्यांत त्यांच्याच धर्मप्रांतातला एक फादर निघाला. त्याआधी जुबाला नवे आर्चबिशप नेमले तर काही फादरांनीच विरोधाचं पत्र लिहिलं, माणूस आपल्या भागातला नाही म्हणून. ऐकल्यासारखं वाटतं ना? आमच्या गावात बांधावरून भांडलेली दोन घरं आहेत, दर रविवारी मिस्सात पुढेमागे बसतात, "शांती तुम्हांबरोबर असो" आलं की एक डावीकडे वळून हात जोडतो, दुसरा उजवीकडे.

आणि बिशप पारिदे ताबान. १९९० मध्ये वुनलिट घडवणाऱ्या त्या चर्च कौन्सिलचे पहिले अध्यक्ष, तोरितचे बिशप. २००४ला निवृत्त झाले, मग आराम करायचा सोडून कुरोन नावाच्या आडगावात २००५ला शांतीचं गाव वसवलं. आजूबाजूला गुरं पळवणाऱ्या जमाती, मध्ये शाळा, दवाखाना, शेती. भाषण कमी, नांगर जास्त. सरकार आणि बंडखोर डेव्हिड याऊ याऊ यांच्यात २०१४ला तह झाला त्यामागेही हे म्हातारबाबाच. १ नोव्हेंबर २०२३ला गेले. आमच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी एकही इमोजी नव्हती, मीच टाकायला पाहिजे होती, मीही नाही टाकली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप, वेल्बी आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे प्रमुख इयन ग्रीनशील्ड्स तिघं एकत्र जुबाला गेले. विमान उतरायच्या आदल्या दिवशी गुरांच्या वादातून २७ माणसं मारली गेली होती.

२१ एप्रिल २०२५ला पोप फ्रान्सिस गेले आणि तो व्हिडिओ परत फिरला. तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं की त्या व्हिडिओतल्या कीरसाहेबांनी गेल्या महिन्यात माचारसाहेबांना नजरकैदेत टाकलंय. कुणी काही बोललं नाही. रात्री मावशीचा फोन आला.

"मग पाय धरून उपयोग काय झाला रे?"

मी तिला वुनलिटचं सांगितलं, बैल, मुखिये, एकमेकांचं ऐकून घेणं, सगळं. सिरीयल म्यूट केलेली असावी, कारण मध्ये एकदाही "थांब जरा" म्हणाली नाही.

"किती दिवस बसले म्हणालास?"

"दहा."

"दहा दिवस? आणि एवढ्या लोकांचं जेवणखाण?"

"ते सगळं चर्चनेच बघितलं."

"मग बरोबर," म्हणाली, आणि फोन ठेवला.