एकास अठ्ठेचाळीस : आमची वाटचाल

आम्ही रेल्वे इंजिनांची आणि लष्करी विमानांची मॉडेल्स बनवतो. भोसरीत एक गाळा आहे, तिथे काम चालतं. "दोन्ही कशाला? एक काहीतरी धरा," हा सल्ला आम्हाला पहिल्यापासून मिळत आलाय. कर्ज देणाऱ्यांनी दिला, नातेवाइकांनी दिला, आणि गिऱ्हाइकांनीही दिला. रेल्वेवाले गिऱ्हाईक विमानांकडे बघत नाही आणि विमानवाले इंजिनांकडे, हे खरंच आहे. तरी आम्ही दोन्ही सोडलं नाही. का, ते सांगायचं तर बार्शी लाईट या छोट्या रेल्वेपासून सुरुवात करावी लागेल.

माझं गाव कुर्डुवाडी. वडील तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. कुर्डुवाडीच्या माणसाला बार्शी लाईट समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बार्शी ही पूर्वापार मोठी बाजारपेठ. पण जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबई-मद्रास मार्ग तिला वीस-बावीस मैल बाजूला टाकून गेला. मुख्य मार्गावरच्या स्टेशनाचं नाव तेवढं बार्शी रोड ठेवलं. तेच आमचं कुर्डुवाडी. मधलं अंतर बैलगाडीनं तोडायचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला होता. हे अंतर स्वस्तातल्या छोट्या रेल्वेनं जोडता येईल, हे त्यानं ओळखलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच एका गोष्टीमागे घालवली. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी धावली.

अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेव्हा जगात इतरत्रही होतं. कॅलथ्रॉपचं वेगळेपण त्याच्या वजनाच्या हिशेबात होतं. त्यानं ठरवलं, आपल्या गाडीतल्या कुठल्याही आसावर (ॲक्सलवर) ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वॅगन, नियम सगळ्यांना एकच. एवढं पाळलं तर रूळ वाराला (यार्डाला) फक्त ३० पौंडांचा चालतो. म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्यावरून अंदाज यावा. रूळ हलका म्हणून स्लीपर हलके, पूल हलके, खर्च कमी. पण इंजिनाला ओढायचं तर वजन लागतंच. मग ते जास्त चाकांवर पसरायचं. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीनं बार्शीसाठी जी पहिली इंजिनं बांधली, त्यांना दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे चार चाकांची बोगी होती. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून ही गाडी चालवून दाखवली गेली. कागदावर न पटणारी गोष्ट लोकांनी डोळ्यांनी पाहावी, असा तो माणूस होता.

१९०६ मध्ये ही लाईन पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांसाठी मालडबेसुद्धा जोडले जायचे. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली. माझ्या लहानपणी लोक तिच्या वेगावरून बोलायचे, पण दादा कधी त्या बोलण्यात सामील झाले नाहीत. ते म्हणायचे, "रूळ बघ आधी, मग इंजिनाला नाव ठेव."

आता विमानांकडे येतो. १२ जुलै १९१० रोजी इंग्लंडात बोर्नमथच्या हवाई मेळाव्यात चार्ल्स रोल्स यांचं विमान कोसळलं आणि ते गेले. रोल्स-रॉइसमधले तेच रोल्स. त्यांच्या मृत्यूनं कॅलथ्रॉप हलला आणि विमानातून माणूस जिवंत खाली कसा येईल, याच्या मागे लागला. त्यानं बनवलेल्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. रेशमी छत्री एका डब्यात घडी करून विमानाच्या पोटाखाली बसवायची आणि दोर माणसाला बांधायचा. माणसानं उडी मारली की त्याच्याच वजनानं छत्री डब्यातून ओढली जाऊन उघडायची. इथेही पुन्हा वजनाचाच हिशेब! जानेवारी १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरच्या कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट यांनी ऑरफर्डनेसला बीई-२सी विमानातून साधारण ६०० फुटांवरून उडी मारून ते सिद्ध केलं. त्याच वर्षी ऑर्ड-लीज या अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी घेतली. इतक्या कमी उंचीवरूनही छत्री उघडली. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ही पॅराशूट्स वापरली गेली. पण ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालं नाही. १९१८ मध्ये समोरचे जर्मन वैमानिक पॅराशूट घेऊन उडत होते. जळत्या विमानात बसून राहिलेल्या त्या पोरांबद्दल वाचताना मला आजही राग येतो.

एकाच डोक्यातून बार्शी लाईटही आली आणि पॅराशूटही. 'एकच काहीतरी धरा' म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. कॅलथ्रॉपला रेल्वे आणि विमान ही दोन वेडं नव्हती. तर मग आम्हाला का असावीत?

धंदा मात्र एवढा विचार करून सुरू झाला नव्हता. २००० नंतर आमच्या भागातली नॅरोगेज टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. दादा तोवर निवृत्त झाले होते. मी पुण्यात एका कंपनीत टूलरूमला होतो. सुट्टीत घरी गेलो की दोघं मिळून पितळी पत्र्यातून बार्शीचं इंजिन बनवायचो. मापं दादांच्या वहीत होती. काही जुन्या ड्रॉइंगवरून मिळाली, उरलेली त्यांच्या हातांना पाठ होती. ते इंजिन पाहून ओळखीच्या एकांनी तसंच मागितलं, मग त्यांच्या मित्रानं मागितलं. नोकरी सोडायला बराच काळ गेला. घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालत होतं आणि अशा कामाचा बाजार किती, हे सांगणारं कुणी नव्हतं. पत्नीनं हिशेब हातात घेतला, कुठल्या मॉडेलात किती तास जातात ते लिहून काढलं, आणि मगच आम्ही गाळा भाड्यानं घेतला.

पहिला मोठा निर्णय प्रमाणाचा होता. जगभर रेल्वे मॉडेल्स बहुतेक १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी बनतात आणि त्यांचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. हा हिशेब युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजसाठी बरोबर आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, त्याला ८७ नं भागलं तर १९ पेक्षा जास्त येतात. म्हणजे बाजारातल्या रुळावर भारतीय इंजिन उभं केलं की ते समोरून अरुंद पायांचं दिसतं. डोळा तयार असलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. नॅरोगेजचं गणित मात्र सुंदर जुळतं. ७६२ मिलिमीटरला ४८ नं भागा, जवळजवळ १६ येतात. तयार मिळणाऱ्या १६.५ च्या रुळावर १:४८ मधलं बार्शीचं इंजिन अगदी शोभून दिसतं. आणि १:४८ हेच लष्करी विमानांच्या मॉडेल्सचं जगभर चालणारं प्रमाण! एकाच फळीवर बार्शीचं इंजिन आणि शेजारी मिग-२१ हे लढाऊ विमान ठेवलं तर दोघांची खरी तुलना होते. आमच्या बोर्डवर एकास अठ्ठेचाळीस लिहिलंय ते म्हणूनच.

मिग आमच्याकडे आलं ते पत्नीच्या मामांमुळे. मामा ओझरच्या विमान कारखान्यात शीट मेटलला होते. १९६४ मध्ये नाशिकजवळ हा कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला. आधी मिग-२१ चा एफएल हा प्रकार, मग एम, मग बिस, पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय तिथूनच बाहेर पडली. निवृत्तीनंतर मामा सहज म्हणून गाळ्यावर आले आणि आमचं पहिलं मिग हातात घेऊन म्हणाले, "जावईबापू, विमानाचा रिव्हेट दिसत नसतो, जाणवतो."

या एका वाक्यानं आमच्या कामाची पद्धत बदलली. वाफेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवर रिव्हेटची डोकी गोल आणि उठून दिसणारी असतात. ती मॉडेलवरही उठूनच दिसली पाहिजेत, नाहीतर टाकी मेणाची वाटते. वेगवान विमानावर हवा अडायला नको म्हणून रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसवतात. तिथे मॉडेलवर टोचल्यासारखे ठिपके काढले की विमान खोटं झालं. आता आम्ही मिगचे रिव्हेट पृष्ठभागावर उठवतच नाही. पत्र्यांच्या चकाकीत फरक ठेवतो आणि प्रकाश तिरका पडला की ओळ नुसती सुचते. टोकाचा शंकू आणि शेपटीचं टोक गडद हिरवं, कारण तिथे रेडिओ लहरी आरपार जाव्या लागतात आणि धातू चालत नाही. एफएलची पाठ सडपातळ, बिसची फुगीर. एफएलची काचेची छत पुढच्या बाजूला उघडते, एमची बाजूला. एफएलच्या अंगात तोफ नव्हती, पोटाखाली वेगळी लावावी लागे. एम आली ती तोफ अंगात घेऊनच. १९७१ चं विमान मागितलं तर आम्ही आधी विचारतो, कुठल्या स्क्वाड्रनचं? १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट डागणाऱ्या २८ स्क्वाड्रनच्या मिगवरचा रंग वेगळा आणि कारखान्यातून निघालेल्या चांदीसारख्या मिगचा वेगळा. युद्धाच्या तोंडावर तळांवरच घाईनं मारलेल्या रंगाच्या कडा सरळ नसतात, आणि मॉडेलवर त्या सरळ केल्या तर इतिहास पुसल्यासारखं होतं.

डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं, हा पत्नीचा विभाग. परदेशी किटमध्ये भारतीय चिन्हांचा केशरी हमखास चुकायचा. कुठे नारिंगी, कुठे विटकरी. त्यातून धातूच्या रंगावर तो चिकटवला की खालची चांदी वर यायची. तिनं आधी पांढरा थर छापून त्यावर केशरी घेण्याची रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीच्या विमानांसाठी वेगळा संच केला. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, त्याच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आपल्या बाजूच्या चिन्हांमधला लाल काढून टाकला होता आणि नुसत्या निळ्या छटा ठेवल्या होत्या. हवाई दलात असलेल्या आजोबांचं विमान मागणारे नातू हा संच नेतात. पहिल्या बाळंतपणाच्या सुट्टीत तिनं हे सगळं शिकून घेतलं, आणि आज गाळ्याचा बराचसा खर्च डिकलवर निघतो.

लोकांनी ब्रॉडगेजचं इंजिन एकच फार मागितलं. आपला 'खेकडा'. कल्याणहून पुढे पुण्याकडच्या आणि इगतपुरीकडच्या विजेच्या मार्गांसाठी १९२८ पासून आलेलं, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखलं गेलेलं मालगाडीचं इंजिन. भोर घाटात चढ ३७ इंचांना १ इंचाचा. तीन भागांत सांधलेलं अंग घेऊन हे इंजिन तिथली वळणं घ्यायचं, आणि घाट उतरताना ब्रेक लावत तयार झालेली वीज पुन्हा तारेत सोडायचं. हायब्रिड गाड्यांच्या जाहिरातीत आज जे कौतुकानं सांगतात, ते आपल्या घाटात १९३० च्या सुमारास रोज चालू होतं. त्याचं गेज आम्ही तडजोड न करता ३५ मिलिमीटर धरलं, रूळही स्वतः घातला. त्यामुळे ते महाग पडतं आणि मागणीनुसारच बनतं. स्वस्त करून अरुंद पायांवर उभं करायची माझी तयारी नाही.

प्रत्येक मॉडेलसोबत आम्ही एक मराठी पुस्तिका देतो. आठ पानांची असते, कधी सोळा. यंत्राचा आकार तसा का, हे तिच्यात लिहिलेलं असतं. छपाईचा खर्च वाचवायला ती काढून टाका, असं आमच्या वितरकानं सुचवलं होतं. आम्ही वितरक सोडला, पुस्तिका ठेवली. लातूरच्या एका शाळेतल्या मुलांनी पुस्तिकेवरून आसभाराचं गणित सोडवून पाठवलं, ते गाळ्यात भिंतीवर लावलंय.

आता दादा नाहीत. थ्रीडी प्रिंटर आले, रेझिनमध्ये काम वेगानं होतं, दोन मुलं कामाला आहेत. पण पितळी बॉयलर अजून हातानंच वळतो, कारण छापलेल्या बॉयलरला ती कड येत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून त्याच्या ऑर्डरी पुऱ्या करताना दमछाक होते आहे.

सध्या एका जोडसंचावर काम चाललंय. किट्सनचं पहिलं बार्शी इंजिन आणि पोटाखाली गार्डियन एंजलचा डबा लावलेलं बीई-२सी, दोन्ही १:४८ मध्ये, एकाच तळपट्टीवर. विमानाची मापं पक्की झाली आहेत. इंजिनाच्या कॅबच्या आतल्या बाजूचे तपशील मात्र कमी पडताहेत. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यात कुणाच्या घरी जुने फोटो असतील, कुणाच्या आजोबांची ड्रायव्हर किंवा फिटर म्हणून लिहिलेली वही असेल, तर ती आम्हाला पाहायला द्या. आम्ही घरी येऊन फोटो काढून घेऊ, वही तुमच्याकडेच राहील, आणि ज्या घरानं मदत केली त्याचं नाव पुस्तिकेत छापू.