आकडा नंतर आला

गेल्या महिन्यात एका शनिवारी एक आठ वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसून फॉर्मबोर्ड करत होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, लाकडी पाट असतो, त्यात दहा आकारांचे खळगे कोरलेले असतात, गोल, चौकोन, चांदणी, क्रॉस वगैरे, आणि दहा ठोकळे तीन थप्प्या करून समोर ठेवायचे, मुलाने ते जागच्या जागी बसवायचे. तीन वेळा करायचं आणि सगळ्यात कमी वेळ लागला असेल तो धरायचा. ह्या पोराने पहिल्या वेळेला चांदणी नुसती दाबून दाबून बसवायला बघितली, दुसऱ्या वेळेला फिरवून बसवली, आणि तिसऱ्या वेळेला ठोकळ्याला हात लावायच्या आधी पाटाकडे दोन सेकंद शांतपणे बघत राहिला, आणि मग भराभर बसवत गेला. माझ्यासाठी त्या दिवसाची सगळ्यात मोठी माहिती ती दोन सेकंदं होती, कारण पोरगं शिकत होतं, माझ्या डोळ्यासमोर.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, मॅडम, आयक्यू किती आला?

कोथरूडमध्ये रेमेडियल टीचिंग, म्हणजे अभ्यासात अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवणं, करायला लागल्याला मला अठरा वर्षं झाली आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. मी त्यांना दोष देत नाही, शाळेने तेच आणायला सांगितलेलं असतं. पण मुलांना तपासायची ही सगळी पद्धत सुरू झाली तेव्हा आकडा हा प्रकारच नव्हता, आणि ती गोष्ट मराठीत कुणी नीट सांगत नाही म्हणून आज लिहितेय.

अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, तिथलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, साल १८९६. लाइटनर विटमर म्हणून मानसशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक होते, वय अठ्ठावीस. जर्मनीत लाइपझिगला, मानसशास्त्राची प्रयोगशाळा चालवणाऱ्या वुंट ह्यांच्याकडे डॉक्टरेट करून आलेले, म्हणजे एकदम प्रयोगशाळेतला माणूस. त्यांच्या वर्गाला मार्गारेट मॅग्वायर नावाच्या एक शाळेतल्या बाई शिकायला यायच्या, आणि त्यांनी मार्च महिन्यात आपला एक विद्यार्थी विटमरांकडे आणला. चौदा वर्षांचा मुलगा, बाकी ठीक, पण स्पेलिंग काही केल्या येत नाही. बाईंचं म्हणणं साधं होतं, मन कसं चालतं हे तुम्ही आम्हाला शिकवताय ना, मग हा का अडतो ते सांगा. विटमरांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय की मानसशास्त्राला काही किंमत असेल तर अशा वेळी शिक्षकाला त्याची मदत झालीच पाहिजे असं तेव्हा त्यांना वाटलं, आणि असा कुठला दाखला शोधायला गेले तर काही सापडेनाच. तीच पहिली केस आणि तेच जगातलं पहिलं सायकॉलॉजिकल क्लिनिक. एका शाळेतल्या बाईच्या प्रश्नातून उभं राहिलेलं. मला हे फार मोठं वाटतं.

लिखाणात विटमरांनी त्या मुलाला चार्ल्स गिलमन असं नाव दिलंय, ते खरं नाव नाही. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं तर त्याचे डोळे तपासून घेतले. दोष निघाला, चष्मा लागला. पण अडचण तेवढ्यावर संपली नाही. इंग्लिशमधला ‘वॉज’ हा शब्द तो उलटा, ‘सॉ’ असा वाचायचा, शब्दाचं चित्र त्याच्या डोक्यात टिकतच नव्हतं. मग एकेक अक्षर फोडून वाचायच्या ऐवजी अख्खा शब्द ओळखायचा अशी शिकवणी सुरू झाली, महिनोन् महिने, आणि तो सुधारला. दुर्दैवाने थोड्याच वर्षांत क्षयाने गेला बिचारा, तरणाताठा असताना.

क्लिनिक हळूहळू वाढलं. डॉक्टर आले, घरी जाऊन चौकशी करणारे सोशल वर्कर आले, १९१४ मध्ये विटमरांचे सहकारी ट्विटमायर ह्यांनी तिथेच बोलण्यात अडखळणाऱ्यांसाठी वेगळं स्पीच क्लिनिक काढलं. १९०७ मध्ये विटमरांनी ‘द सायकॉलॉजिकल क्लिनिक’ नावाचं मासिक सुरू केलं आणि त्याच्या पहिल्याच अंकात ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हा शब्द वापरला, जो आज पुण्यात निम्म्या दवाखान्यांच्या पाटीवर असतो. त्यांची पद्धत अशी की आधी तपासायचं, मग थोडं शिकवायचं, मग परत तपासायचं, आणि मधल्या शिकवण्यात मूल किती पुढे सरकलं ते बघायचं. नुसत्या टेस्टवरून निदान करायच्या ते विरोधात होते, शेवटपर्यंत.

आकडा आला तो दुसऱ्या वाटेने. पॅरिसमध्ये बिने हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी सिमों ह्यांनी १९०५ मध्ये आपली बुद्धीची चाचणी काढली, तीसुद्धा शाळेत कुणाला जास्त मदत लागेल हे शोधायला, आणि बिने स्वतः सांगत होते की बुद्धी म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, ती वाढवता येते. १९११ मध्ये ते गेले. १९१२ मध्ये जर्मनीतल्या स्टर्न ह्यांनी मानसिक वयाला, म्हणजे चाचणीत मूल किती वर्षांच्या मुलाइतकं करतं त्याला, खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली, १९१६ मध्ये अमेरिकेतल्या टरमन ह्यांनी त्याला शंभराने गुणलं आणि झाला आयक्यू. अमेरिकेतच न्यू जर्सीत व्हाइनलँडला मतिमंद मुलांची संस्था होती, तिथे गॉडर्ड ह्या मानसशास्त्रज्ञांनी बिनेची चाचणी नेली आणि मुलांना लेबलं लावायला वापरली. पुढे १९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या मुलीची जबरदस्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली, त्यात तिचं टेस्टवरून काढलेलं मानसिक वय पुरावा म्हणून होतं. तिची मुलगी पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली होती! हे वाचलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

आपल्याकडे बिनेची ती चाचणी धारवाडकडच्या कामतांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि रिपोर्टवर ‘बीकेटी’ लिहिलेलं असतं ना ते बिने-कामत टेस्ट. ‘व्हीएसएमएस’, म्हणजे मूल रोजचे व्यवहार किती सांभाळतं ते बघणारी व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, तिच्यातला व्ही म्हणजे तेच व्हाइनलँड. आणि पुण्यात टेस्ट म्हटलं की चौथीच्या मुलांच्या आयांना आधी ज्ञान प्रबोधिनी आठवते, १९६२ मध्ये अप्पा पेंडसे ह्यांनी सुरू केलेली, तिथे गिलफर्ड ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मॉडेलवर काम झालं, म्हणजे बुद्धी एकच एक नसून तिचे कितीतरी पैलू असतात हे मानणारं. ही कल्पना सदाशिव पेठेत इतक्या वर्षांपूर्वी पोचली होती ह्याचा मला अभिमान वाटतो, ती अजून घरोघरी पोचली नाही ही गोष्ट वेगळी.

आता माझं सांगते. माझा धाकटा भाऊ तिसरीत असताना, १९८९ असेल, त्याला शहरात एके ठिकाणी टेस्टला नेलं होतं. अर्ध्या तासात झालं, एक कागद मिळाला, त्यावर एक आकडा आणि एक शब्द. पुढे काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. बाबांनी तो कागद चार घड्या घालून कपाटात रेशन कार्डाच्या खाली ठेवला आणि त्या दिवसापासून घरात त्याच्याशी बोलायचा सगळ्यांचा आवाजच बदलला, माझासुद्धा. आई तेवढी बदलली नाही. भाजी निवडता निवडता ती त्याला इतिहासाचा धडा मोठ्याने वाचून दाखवायची आणि हा पठ्ठ्या तो जसाच्या तसा सांगायचा, ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जायचंच नाही. भोसरीला त्याचं आज इलेक्ट्रिक पॅनलचं वर्कशॉप आहे. बँकेचा फॉर्म मात्र अजून वहिनी भरते. विटमरांसारखं कुणी तेव्हा पंधरा मिनिटं त्याला शिकवून बघितलं असतं तर, असं मला दर थोड्या दिवसांनी वाटत राहतं.

टेस्ट नको असं मी म्हणत नाहीये हां. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण, आली, परीक्षेत जास्त वेळ हवा, रायटर हवा तर सर्टिफिकेट लागतं आणि त्याच्यासाठी टेस्ट लागतेच, ती नीटच झाली पाहिजे. पण आधी डोळे आणि कान. मग काय येतं, कुठे अडतं. मग थोडं शिकवून बघणं. आणि हो, तो फॉर्मबोर्ड ज्यांच्या नावाने आहे त्या सेग्विन ह्या फ्रेंच डॉक्टरांनी असले पाट मुलांना शिकवायला वापरले होते, टेस्ट म्हणून वापर नंतर सुरू झाला. हे मला इतक्या उशिरा कळलं की आता प्रत्येक वेळी तो पाट काढताना आठवतं.

तर त्या मुलाच्या बाबांना मी म्हटलं, दादा, रिपोर्ट देते, पण आधी डोळे तपासून आणा. आणले, चष्मा लागला, थोडाच नंबर होता. तरी वहीत ‘घर’ चं ‘धर’ होतंच. मग आम्ही दोन शनिवार फक्त ही दोन अक्षरं घेतली, रव्याच्या ताटात बोटाने. काल तो ताटाकडे बघत थांबला, तसाच, दोन सेकंदं, आणि म्हणाला, “टीचर, घ वरून बंद असतो. ध ला वर उघडं असतं आणि गाठ असते.” त्याची आई दारात उभी होती. तिने तिथूनच विचारलं, “मग पुढच्या शनिवारी भ आणि म घ्यायचं का?”