आमची वाटचाल: चपडी लाखेपासून पीयूपर्यंत

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या लहानशा कारखान्याला यंदा 27 वर्षे पूर्ण होत आहेत. सुरुवात घराच्या पडवीत झाली. वडील सुतार. दारे-खिडक्या, पाट, चौरंग आणि देव्हारे घडवणे हे त्यांचे काम, आणि पॉलिश म्हटले की त्यांना एकच रीत ठाऊक होती: चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात देत जायचे. शेजारच्या सावंतवाडीत फिरत्या लेथवरील लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात, त्यामुळे लाख आमच्या भागात कुणाला परकी नव्हती.

1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि किनाऱ्यावर हळूहळू निवास-न्याहारीची घरे उभी राहिली. आम्हाला खाटा, टेबले, झोपाळे अशी मोठी कामे मिळू लागली. या नव्या गिऱ्हाइकांना आरशासारखी चमक हवी असे. आम्हीही फवारणीचे यंत्र घेतले, मेलामाईन आणि पीयू (पॉलियुरेथेन) ही टणक थर देणारी रासायनिक पॉलिशे शिकून घेतली आणि काही वर्षे जे मागितले जाई ते विनाप्रश्न करून दिले.

त्या काळातले एक काम मी कधीच विसरणार नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या उघड्या पडवीसाठी आम्ही सागाचा झोपाळा केला आणि त्यावर आतल्या फर्निचरला वापरतात तेच पारदर्शक, चकचकीत पीयू जाड थरात चढवले. देताना तो इतका देखणा दिसत होता की यजमानांनी हात लावण्याआधी पंच्याने हात पुसले होते. दोन पावसाळे गेले आणि त्यांचा निरोप आला. मी जाऊन पाहिले, तेव्हा फळीच्या कडेचा थर नखाने उचलताच कांद्याच्या पापुद्र्यासारखा वीतभर सुटून आला. खालचे लाकूड करडे पडले होते आणि लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग उमटले होते.

चूक सर्वस्वी आमची होती. पारदर्शक थरातून ऊन आरपार जाते आणि अतिनील किरणांमुळे लाकडाच्या पृष्ठभागातील लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, कमजोर होतो. मग वरचा थर कितीही टणक असला तरी त्याला धरायला खाली काही उरत नाही. त्यातच पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते, थराला बारीक चिरा पडतात, त्यांतून शिरलेले पाणी आत कोंडून राहते आणि बुरशी धरते. सागातील टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि ओले लोखंड एकत्र आले की काळा डाग ठरलेलाच, म्हणून आता बाहेरच्या कामात आम्ही पितळी स्क्रूच वापरतो.

तेव्हापासून कोणते पॉलिश हवे याआधी आम्ही वस्तू कुठे राहणार आणि तिची देखभाल कोण करणार हे विचारतो. फणसाच्या देव्हाऱ्याला आजही चपडीचेच पॉलिश शोभते. ताजे पिवळे लाकूड काही वर्षांत आपोआप गडद तपकिरी होत जाते आणि ओरखडा पडला तरी स्पिरिटचा बोळा फिरवला की थर पुन्हा एकजीव होतो. मात्र लाख उष्णतेने मऊ पडते आणि पाणी साचले तर पांढरी होते, म्हणून समई ठेवायच्या फळीला आम्ही पीयू करतो. जेवणाच्या टेबलालाही पीयूच, कारण गरम भांडी, सोलकढी आणि ओले फडके यांना रोज तोंड द्यायचे असते. साग तेलकट असल्यामुळे पहिला हात देण्यापूर्वी तो थिनरने पुसून घ्यावा लागतो. हे टाळले तर थर नीट पकडत नाही.

हवेचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भर आषाढात सुकवलेले लाकूडही पुन्हा ओलावा ओढून घेते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतले पाणी बसते आणि लाखेचा हात दुधट दिसू लागतो. म्हणून लाकडातील ओलावा यंत्रावर 14 टक्क्यांच्या वर दिसला तर आम्ही पॉलिशला हात घालत नाही, मग गिऱ्हाइकाची वास्तुशांत आठवड्यावर आलेली असली तरी. यामुळे काही कामे हातची गेली. ती गेल्याची रुखरुख आहे, पण नियम मोडलेला नाही.

तो झोपाळा आम्ही परत आणला, रंध्याने आणि 80 नंबरच्या पॉलिशपेपरने नव्या लाकडापर्यंत उतरवला आणि त्याला बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, तीन पातळ हात दिले. तेल थर धरत नाही, त्यामुळे पापुद्रा सुटण्याचा प्रश्न येत नाही. मात्र त्यावर पावसाळ्यात बुरशी येऊ शकते आणि ते दरवर्षी पुन्हा लावावे लागते, हे आम्ही यजमानांना आधीच स्पष्ट सांगितले. तेलाचे बोळे ढिगात टाकले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ते पसरून वाळवायचे, हेही समोर बसून दाखवले. आता मृगाच्या आधी ते फळी काढून माजघरात ठेवतात. दिवाळी झाली की त्यांचा फोन येतो, आम्ही अर्धा लिटर बेलतेल पाठवतो आणि तुळशीच्या लग्नाआधी ते स्वतः अंगणात बसून झोपाळ्याला तेल लावतात.