36 किलोमीटरवर काय करतंय हे?

2022 चा जानेवारी. मी तेव्हा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर माइदो वेधशाळेत पोस्टडॉक करत होतो. 15 तारखेला पॅसिफिकमधल्या टोंगात समुद्राखालचा हुंगा ज्वालामुखी फुटला, पार 57 किमीपर्यंत उसळला. स्ट्रॅटोस्फिअरचे, म्हणजे ढगापावसाच्या वरच्या थरातले वारे तिथे तेव्हा पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे ज्वालामुखीने उडवलेला माल ऑस्ट्रेलियावरून थेट आमच्या डोक्यावर येणार हे माहीतच होतं, धाकधूक फक्त रात्री आभाळ उघडतंय का एवढीच, कारण आमचा ऐन पावसाळा चालू.

चार दिवसांनी उघडलं एकदाचं. लायडार, म्हणजे आकाशात लेझरच्या पल्स सोडून परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, लावला आणि स्क्रीनकडे बघत बसलो. एरवी वर जावं तशी हवा विरळ, त्यामुळे सिग्नल निमूट उतरत जातो, इथे मात्र तिशी ओलांडल्यावर मधेच टेकाड, 36 किमीच्या आसपास! म्हणजे पल्स सुटल्यावर 240 मायक्रोसेकंदांनी परत आलेला प्रकाश. सहकारी म्हणाला डिटेक्टरने माती खाल्ली असेल. शंका रास्तच, खालून येणारा प्रकाश इतका जबरी असतो की फोटोमल्टिप्लायर (प्रकाश टिपणारा भाग) नंतर भलतंच दाखवू शकतो. मग शेजारचा लायडार बघितला, आमचा हिरवा 532 नॅनोमीटरचा, तो 355 चा अल्ट्राव्हायोलेट. त्यावरही टेकाड, त्याच उंचीवर. दोन वेगळी मशीनं ठरवून एकच थाप कशी मारतील?

खरा घोळ पुढे. लायडारचं कॅलिब्रेशन करताना एक 'स्वच्छ' उंची धरतात, जिथे नुसते हवेचे रेणू, आणि सिग्नल तिथे जुळवून घेतात. आमची ती उंची तिशीच्या पुढची, आणि ज्वालामुखीचा ढग, म्हणजे तेच टेकाड, नेमका तिथेच ठाण मांडून! कोड तसाच चालवला तर ढग झाला स्वच्छ हवा आणि त्याखालचे एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) गेले मायनसमध्ये. शेवटी रेफरन्स, म्हणजे ती 'स्वच्छ' उंची, 40 किमीच्या वर नेला, तिथे फोटॉन मोजकेच, म्हणून तासन्‌तासांचं ॲव्हरेज.

बरं ज्वालामुखीने सोडलेला सल्फर डायऑक्साइड जेमतेम 4-5 लाख टन, 1991 च्या पिनाटुबोच्या दीड-दोन कोटी टनांपुढे चिल्लर. पण सोबत 15 कोटी टनांच्या आसपास पाण्याची वाफ वर गेलेली, तिच्यामुळे त्या वायूपासून लायडारला दिसणारे सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब झटपट तयार झाले, नाहीतर इतक्या लवकर एवढं ठळक काही दिसलंच नसतं. पुढच्या रात्री थर तिशीच्या खाली आले, मग रेफरन्सची कटकटही जरा कमी झाली.